आपल्या क्लबची पायरी कोणती?

24 ऑगस्ट 1974 च्या संध्याकाळी कार्लाइल युनायटेड हा क्लब इंग्लिश फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात पहिल्या क्रमांकावर होता. मोसमाचे तीनच सामने झाले होते, पण तिन्ही जिंकलेले. चेल्सीला चेल्सीच्या मैदानावर हरवलं, मिडल्सब्रोला त्यांच्या मैदानावर हरवलं आणि घरच्या ब्रंटन पार्कवर टॉटनहॅमला 1-0 नं. तो एकमेव गोल पेनल्टीवर झाला आणि मारला ख्रिस बाल्डरस्टोननं. (हाच बाल्डरस्टोन लेस्टरशायरकडून क्रिकेट खेळायचा आणि 1976 मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध इंग्लंडकडून कसोटीतही उतरला. एका माणसानं दोन खेळ या दर्जाचे खेळावेत याचं मला आजही अप्रूप वाटतं.) मोसम संपला तेव्हा कार्लाइल बाविसाव्या, म्हणजे शेवटच्या जागी होता आणि खालच्या विभागात ढकलला गेला.

त्यानंतर तो क्लब सर्वोच्च विभागात कधीच परतला नाही. 1977 मध्ये तिसऱ्या विभागात गेला, थोडं वरखाली होऊन 1987 मध्ये चौथ्या, आणि 2004 मध्ये थेट पाचव्या. तिथून वर्षभरात बाहेर पडला, तिसऱ्या विभागात आठ मोसम टिकला, पुन्हा घसरला, 2023 मध्ये पुन्हा चढला. त्याच वर्षी अमेरिकी मालक आले, त्यांनी पैसा ओतला, आणि तरीही 2024 आणि 2025 असे लागोपाठ दोनदा खाली येऊन क्लब परत पाचव्या विभागात पोहोचला.

आता सांगा, कार्लाइलची खरी पायरी कोणती? 1974 मध्ये दहा वर्षांचा असलेला चाहता आज साठी ओलांडून गेलाय. त्याच्या मनात आपला क्लब निदान दुसऱ्या विभागाचा आहे, मधल्या काळात नशीब फिरलं एवढंच. वीस वर्षांपूर्वी सामने पाहायला लागलेल्याला तिसरा विभाग हे घर वाटतं. आणि आज बापाचं बोट धरून येणाऱ्या पोराला पाचवा विभाग हेच जग. तिघं एकाच स्टँडमध्ये बसतात आणि 'आपण कुठे असायला हवं' यावर तिघांची तीन उत्तरं असतात. कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येक जण आपण पाहिलेला क्लब सांगतो.

जगातल्या प्रत्येक छोट्या क्लबभोवती हा वाद चालू असतो. एक बाजू म्हणते, अंथरूण पाहून पाय पसरा, आहे त्या विभागात टिकलो तरी खूप. दुसरी म्हणते, असं म्हणत राहिलो तर इथेच कुजू, मालकानं हात सैल सोडायला हवा. भांडण पेटतं, कारण दोघं 'पायरी' या एकाच शब्दात तीन वेगळे प्रश्न कोंबतात: आपण जास्तीत जास्त कुठवर चढू शकतो? चढलो तर किती वर्षं टिकू शकतो? आणि उद्या कुणीही वरून पैसे घातले नाहीत, तर आपण कुठे येऊन थांबू? पहिल्याचं उत्तर स्वप्न देतं, दुसऱ्याचं हिशोब देतो. तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते क्लबची खरी पायरी त्यातच कळते.

ते समजायला आधी इमारत बघू, कारण हा वाद इंग्लंडइतका खोलवर दुसरीकडे क्वचितच सापडतो. सगळ्यात वर प्रीमियर लीग, 20 क्लब. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी 24. नावांनी गोंधळू नका: लीग वन म्हणजे प्रत्यक्षात तिसरा विभाग आणि लीग टू चौथा. हे सगळे मिळून 92 क्लब. पाचव्या पायरीवर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग, आणि त्याखाली उतरत उतरत गावपातळीपर्यंत. तत्त्वतः गावातला संघसुद्धा जिंकत जिंकत प्रीमियर लीगपर्यंत जाऊ शकतो, आणि प्रीमियर लीगमधला गावापर्यंत येऊ शकतो. फ्रँचायझी लीगमध्ये शेवटचा आलेला संघ पुढच्या वर्षीही तिथेच असतो, त्यामुळे तिथे पायरीचा प्रश्नच उद्भवत नाही.

पण सगळे जिने सारखे रुंद नाहीत. लीग टूमधून दर वर्षी चार क्लब वर जातात: पहिले तीन थेट, चौथा प्लेऑफ, म्हणजे त्यांच्या खालोखालच्या क्लबांमधले बाद पद्धतीचे सामने, जिंकून. नॅशनल लीगमधून लीग टूमध्ये मात्र दोनच. त्यातही थेट एकच, दुसऱ्याला प्लेऑफ. 2022-23 मध्ये नॉट्स काउंटीनं 107 गुण मिळवले आणि तरी दुसरे आले, कारण रेक्सहॅमचे 111 झाले होते. 107 गुण मिळवूनही त्यांना प्लेऑफच्या दिव्यातून जावं लागलं, आणि अंतिम सामन्यात पेनल्टी शूटआउटवर ते कसेबसे सुटले. खुद्द रेक्सहॅम या अरुंद जिन्याच्या तळाशी 15 वर्षं अडकून होता. म्हणून एखादा चाहता 'आपण नॅशनल लीगचे नाही' म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं खरं असू शकतं, आणि तरी दहा वर्षं तिथून सुटका होत नाही. दार अरुंद असलं की पात्र माणसंही बाहेर ताटकळतात.

1987 च्या आधी तर हे दारही नव्हतं. चौथ्या विभागातले तळाचे क्लब मतदानाला सामोरे जायचे आणि सहसा जुन्या ओळखीच्या जोरावर तिथेच राहायचे. 1987 पासून पाचव्या विभागाचा विजेता थेट वर येऊ लागला. तसा आलेला पहिला क्लब स्कारबरो. बारा वर्षांनी, 8 मे 1999 ला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, खाली कोण जाणार हा प्रश्न स्कारबरो आणि आपल्या कार्लाइलमध्ये आला. स्कारबरोचा सामना बरोबरीत संपला, त्यांचे चाहते सुटलो म्हणून मैदानात उतरले. तिकडे ब्रंटन पार्कवर प्लिमथविरुद्ध 1-1, भरपाईच्या वेळेतली शेवटची काही सेकंदं आणि कार्लाइलला कॉर्नर. गोलकीपर जिमी ग्लास आपला गोल उघडा टाकून धावत पुढे आला. तोही उसना, स्विंडनकडून तात्पुरता आणलेला. हेडर प्लिमथच्या कीपरनं अडवला, चेंडू उसळून ग्लासच्या समोर पडला आणि त्यानं तो उजव्या पायानं जाळ्यात मारला. कार्लाइल वाचला, स्कारबरो खाली गेला आणि 2007 मध्ये कर्जापायी बंद पडला.

ही गोष्ट मी नेहमी सांगतो, कारण एका मोसमात क्लब कुठे राहतो हे एका लाथेवर ठरू शकतं. वीस वर्षांच्या हिशोबात मात्र अशा लाथा इकडून तिकडे समसमान वाटल्या जातात आणि उरतो तो पैसा. फुटबॉलच्या अर्थकारणाचे अभ्यासक स्टीफन झिमान्स्की यांनी इंग्लिश क्लबांचे अनेक वर्षांचे ताळेबंद तपासून हेच दाखवलं: दीर्घकाळात लीगमधलं स्थान सगळ्यात जास्त जुळतं ते खेळाडूंच्या पगाराच्या बिलाशी. मॅनेजर, डावपेच, जिद्द यांनी फरक पडतो, पण तो त्या पगारानं आखलेल्या रेषेच्या आसपासचा.

मग पगार येतो कुठून? एक काल्पनिक क्लब घेऊ आणि साधा गुणाकार करू. घरच्या सामन्याला सरासरी 3,000 लोक, तिकीट सरासरी 15 पौंड. त्यात 20 टक्के व्हॅट धरलेला असतो, म्हणजे क्लबच्या हातात पडतात साडेबारा पौंड. मोसमात लीगचे घरचे सामने 23. एकूण झाले 8 लाख 62 हजार 500 पौंड. आता 22 खेळाडूंचा संघ, प्रत्येकाला आठवड्याला सरासरी 1,500 पौंड. वर्षाचे झाले 17 लाख 16 हजार. मैदानाची देखभाल, वीज, प्रवास, डॉक्टर, युवा संघ यातलं काहीही न धरता तिकिटांनी निम्मंच बिल भागलं. उरलेलं प्रायोजक, बार, टीव्हीचा वाटा, कपमधली एखादी मोठी लढत आणि खेळाडूंची विक्री यांतून यायला हवं. नाही आलं तर मालक चेक लिहितो.

इथे खरी मेख आहे. ज्या चाहत्याला आपला क्लब लीग वनचा वाटतो, तो बरेचदा मालकाच्या चेकसकटचा क्लब बघत असतो. चेक वजा केला तर तोच क्लब कदाचित पाचव्या विभागाचा निघेल. आणि चेक कायमचा नसतो. मालक म्हातारा होतो, आजारी पडतो, त्याचा धंदा बसतो किंवा त्याला कंटाळा येतो.

ग्रेटना हे याचं सगळ्यात दुखरं उदाहरण. इंग्लंडच्या सीमेला लागून असलेलं स्कॉटलंडमधलं छोटं गाव, वस्ती जेमतेम तीन हजारांच्या घरात. ब्रूक्स माइलसन या उद्योजकानं पैसा लावला आणि क्लब 2005, 2006, 2007 असा लागोपाठ तीन वर्षं बढती घेत स्कॉटलंडच्या सर्वोच्च विभागात गेला. 2006 मध्ये तर स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात हार्ट्सला 1-1 असं रोखलं, पेनल्टीवर हरले. पण सर्वोच्च विभागाला 6,000 खुर्च्यांचं मैदान लागायचं आणि ग्रेटनाकडे ते नव्हतं. म्हणून घरचे सामने शंभरहून अधिक किलोमीटर दूर, मदरवेलच्या मैदानात. एप्रिल 2008 मध्ये इन्व्हरनेसविरुद्धच्या 'घरच्या' सामन्याला 431 माणसं होती. सर्वोच्च विभागाच्या सामन्याला 431. तोवर माइलसन गंभीर आजारी पडले होते, पैसा थांबला होता. त्याच उन्हाळ्यात क्लब संपला.

रश्डन अँड डायमंड्सचं थोडं सावकाश झालं. 1992 मध्ये दोन छोटे क्लब एकत्र करून तो उभा राहिला, पाठीशी डॉक्टर मार्टेन्स बूट बनवणारे मॅक्स ग्रिग्ज. 2001 मध्ये 92 च्या यादीत आला, 2003 मध्ये चौथा विभाग जिंकला. 2005 मध्ये ग्रिग्जनी क्लब चाहत्यांच्या हाती सोपवला. 2006 मध्ये तो 92 मधून बाहेर पडला, 2011 मध्ये बंद. त्यांचं देखणं नीन पार्क मैदान 2017 मध्ये पाडलं गेलं.

आणि बरी नावाचा क्लब. हा काही कुणा धनिकानं रातोरात उभा केलेला क्लब नव्हता; 1900 आणि 1903 मध्ये एफए कप ही इंग्लंडची मानाची बाद पद्धतीची स्पर्धा जिंकलेला जुना क्लब. 2019 च्या वसंतात त्यांनी लीग वनमध्ये बढती मिळवली, चाहते नाचले. 27 ऑगस्टला, कर्ज आणि मालकीच्या घोळामुळे, त्यांना लीगमधून काढून टाकण्यात आलं. बढती आणि हकालपट्टी एकाच वर्षात. टेबलमधली जागा क्लबची तब्येत सांगत नाही, हे यापेक्षा स्पष्ट कसं दिसावं?

म्हणून 'महत्त्वाकांक्षा दाखवा' असं ओरडणाऱ्यांना मी गप्प करत नाही, पण एक विचारतो: कुणाच्या पैशानं, आणि तो कर्ज म्हणून की भांडवल म्हणून? मालकानं दिलेलं बहुतेक वेळा क्लबच्या वहीत कर्ज म्हणून लिहिलेलं असतं. आज तो मागत नाही. उद्या त्याचे वारस मागू शकतात, किंवा क्लब विकताना मैदान त्या कर्जापोटी अडकू शकतं.

वर जाण्याची किंमत नियमांतही दडलेली असते. 1994 मध्ये किडरमिन्स्टर, 1995 मध्ये मॅकल्सफील्ड आणि 1996 मध्ये स्टीव्हनेज यांनी पाचवा विभाग जिंकला आणि तिघांनाही वर घेतलं गेलं नाही, कारण मैदान निकषात बसलं नाही. अलीकडचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. दक्षिण लंडनच्या सटन युनायटेडनं 2021 मध्ये नॅशनल लीग जिंकली. त्यांचं मैदान कृत्रिम गवताचं होतं. अशा मैदानावर पाऊस असो, थंडी असो, आठवडाभर कुणी ना कुणी खेळत असतं. शाळेची पोरं, युवा संघ, संध्याकाळी भाड्यानं घेणारे गट. छोट्या क्लबला त्यातून रोज चार पैसे मिळतात आणि आसपासची घरं क्लबशी जोडली जातात. पण लीग टूमध्ये खरं गवतच लागतं. म्हणजे बढतीची पहिली कामगिरी काय, तर स्वतःचं कमावतं मैदान उखडणं. खर्च वाढला आणि उत्पन्नाचं एक साधन त्याच दिवशी गेलं. सटन तीन मोसम टिकले, 2024 मध्ये खाली आले. त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही; शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासात पहिल्यांदाच मिळालेली संधी कोण सोडेल? पण पुढच्या पायरीचा खर्च वर पोहोचण्याआधी माहीत असायला हवा, आणि तो चाहत्यांनाही माहीत असायला हवा.

एवढं वाचून सावधपणाची बाजू जिंकली असं वाटेल. तसं नाही. पायरी दगडात कोरलेली नसते, ती सरकवता येते. फक्त हळू सरकते, आणि क्लबच्या आतून सरकते.

एक्सेटर सिटी 2003 मध्ये 92 मधून बाहेर फेकला गेला, कर्जात बुडालेला, आणि चाहत्यांच्या ट्रस्टनं ताब्यात घेतला. 2005 मध्ये एफए कपमध्ये नशिबानं मँचेस्टर युनायटेड पुढ्यात आलं, त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर 0-0 झालं आणि परतीच्या सामन्यासकट आलेल्या पैशानं क्लब सावरला. त्या पैशात त्यांनी महागडे खेळाडू घेतले नाहीत. पोरं घडवत राहिले. त्यातलाच एक ऑली वॉटकिन्स. 2017 मध्ये त्याला ब्रेंटफर्डला विकलं आणि करारात पुढच्या विक्रीतला वाटा राखून ठेवला. 2020 मध्ये ब्रेंटफर्डनं त्याला अ‍ॅस्टन व्हिलाला मोठ्या रकमेला दिलं आणि एक्सेटरच्या खात्यात पुन्हा पैसे आले. 2022 मध्ये एक्सेटर लीग वनमध्ये होता, आणि ब्रेंटफर्ड तर 2021 मध्येच प्रीमियर लीगमध्ये पोहोचला होता. एका खेळाडूनं दोन क्लबांना हात दिला. अर्थात ब्रेंटफर्डकडे श्रीमंत मालक होता, पश्चिम लंडनचा परिसर होता आणि नवं मैदान होतं. ते एक्सेटरनं जसंच्या तसं करायला जाणं हा वेडेपणा ठरला असता, आणि ट्रस्टला ते कळत होतं.

ल्यूटनचं बघा. 2008-09 मध्ये दंड म्हणून 30 गुणांची वजाबाकी होऊन नॅशनल लीगच्या पायरीवर, पाच वर्षं तिथेच. मग 2014 पासून चढत चढत 2023 मध्ये प्रीमियर लीग. तेही त्याच जुन्या केनिलवर्थ रोड मैदानावर, जिथे पाहुण्या चाहत्यांचं प्रवेशद्वार ओळीतल्या घरांच्या पोटातून जातं. 2024 मध्ये खाली, 2025 मध्ये आणखी एक खाली. यावरून 'बघा, औकात कळली' म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पाचव्या विभागात सडत असलेला क्लब एका दशकानं तिसऱ्या विभागात आहे आणि मधे प्रीमियर लीगचं उत्पन्न मिळवून आला. शिवाय खाली गेलेल्या क्लबला काही काळ उतरत्या क्रमानं पैसे मिळत राहतात, त्याला पॅराशूट पेमेंट म्हणतात. एकाच मोसमात परतणाऱ्याला ते दोन वर्षं मिळतात.

आणि माझा सगळ्यात लाडका, अ‍ॅक्रिंग्टन स्टॅनली. पैसे संपले म्हणून 1962 मध्ये त्यांनी मोसमाच्या मधेच लीग सोडली. त्यांची जागा ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली. 1968 मध्ये क्लब नव्यानं सुरू झाला आणि 2006 मध्ये 92 मध्ये परतला. त्याच उन्हाळ्यात जे दोन क्लब बाहेर पडले त्यातला एक होता ऑक्सफर्ड. 2018 मध्ये अ‍ॅक्रिंग्टननं लीग टू जिंकली आणि पस्तीस हजारांच्या आसपासच्या वस्तीचं हे गाव लीग वनमध्ये पाच मोसम टिकलं, आपल्यापेक्षा कितीतरी मोठं पगारबिल असलेल्यांशी झुंजत. मालक अँडी होल्ट उघडपणे सांगत आले की कमाईच्या पलीकडे खर्च करणार नाही. 2023 मध्ये खाली आले. क्लब शाबूत आहे, मैदान शाबूत आहे.

ज्यांना हा वाद खरोखर घालायचा आहे, त्यांनी एक काम जरूर करावं. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब या कंपन्या असतात आणि त्यांचे हिशोब कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. छोट्या कंपन्यांना नफातोट्याचा तपशील न देण्याची सवलत आहे, त्यामुळे सगळं दिसेलच असं नाही, पण ताळेबंद असतो. त्यात देणी किती आहेत आणि मागच्या वर्षापेक्षा किती वाढली ते बघा. त्यातली मालकाची किती ते शोधा. मैदान क्लबच्या नावावर आहे की दुसऱ्याच कुठल्या कंपनीच्या, ते बघा. पगाराचा आकडा मिळाला तर त्याला एकूण उत्पन्नानं भागा. शंभर रुपयांच्या कमाईतले नव्वद पगारात जात असतील तर दर मोसमाला भोक पडतंय हे समजून चला. हिशोबात दिसलं नाही तर चाहत्यांच्या ट्रस्टनं सभेत विचारावं. 2025 च्या कायद्यानं इंग्लंडमध्ये वरच्या पाच विभागांसाठी स्वतंत्र नियामक आला आहे. त्याचं कामच मुळी क्लबची आर्थिक योजना तपासणं आणि मालक कोण हे पडताळणं आहे. त्यामुळे असं विचारणारा चाहता आता आगाऊ ठरायचं कारण नाही.

मग शनिवारी सामना संपल्यावर स्टँडच्या पायऱ्या उतरताना शेजारचा म्हणाला की आपण लीग वनचे, तर त्याला म्हणा: असू. मालकाचे पैसे धरून की वगळून?